मिस्ड कॉलवर चालणारी मोटर

कऱ्हाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारा माणूस खिशातून मोबाईल काढतो, एक रिंग देतो, फोन कापतो आणि शेजारच्याला सांगतो, "मोटर चालू केली." मुंबईहून आलेल्या पाहुण्याला आधी ही थट्टा वाटते. मग तो विचारायला लागतो. मोटर फोन उचलते कशी? उचलत नसेल तर तिला कळतं कसं? दुसऱ्या कुणी चुकून तोच नंबर लावला तर? आणि सगळ्यांत रास्त प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा घड्याळाचा टायमर का लावत नाहीत?

या प्रश्नांची उत्तरं अर्धी विजेच्या तारेत आहेत आणि अर्धी फोनच्या बिलात. सगळ्या जगात साधारण सारखेच मोबाईल विकले जातात, पण माणसं त्यांचं काय करतात ते देशागणिक बदलतं. त्यात कारखान्याचा हात थोडा. तिथला कॉलचा दर काय, लाईट कधी येते आणि पाणी किती लांब आहे, यावर बरंच ठरतं. सातारा-सांगलीच्या उसाच्या रानात तर हे गणित लोखंडी पेटीत बसवलेलंच दिसतं. आपण ती पेटी उघडून बघू.

१. मोटर कुठे, रान कुठे

या भागाचं पंपाशी नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला हा कारखाना १९२० च्या दशकात पंपांकडे वळला. पुढे विहिरीवरची मोट गेली, बैलांचा फेरा थांबला आणि पाणी ओढायचं काम आधी इंजिनाकडे, मग विजेच्या मोटरीकडे आलं.

मात्र कृष्णाकाठी मोटर आणि रान शेजारी असतातच असं नाही. मोटर नदीकाठच्या विहिरीवर, म्हणजे जॅकवेलवर, तिथून जमिनीखालून पाइपलाइन आणि रान दोन-तीन किलोमीटर आत, हे इथं नेहमीचं. कुणाची स्वतःची लाईन, कुणाची चार भावांत मिळून, तर कुणाचं पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं. थोडक्यात, बटण नदीवर आणि पाणी पाजायचं ते मळ्यात. एकदा मोटर चालू करायची तर आधी नदीवर जायचं आणि मग पाण्याच्या मागं धावत रानात यायचं. मध्येच लाईट गेली की पुन्हा नदी.

लाईट परत आली की मोटर आपोआप का सुरू होत नाही? घरातला पंखा तर होतो. याचं कारण स्टार्टरमध्ये आहे. स्टार्टरच्या पेटीत एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की कॉइलमधून वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं आणि ते मोटरकडे वीज नेणारे संपर्क ओढून धरतं. बटण सोडलं तरी कॉइलला वीज मिळत राहते, म्हणून पकड कायम राहते. लाल बटण दाबलं की कॉइलची वीज तुटते आणि पकड सुटते. लाईट गेली तरी नेमकं हेच होतं. लाईट परत आली म्हणून पकड परत बसत नाही, त्यासाठी कुणीतरी पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं.

हा दोष नाही, ही मुद्दाम केलेली सोय आहे. मोटर उघडून बसलेल्या माणसाच्या हातात ती अचानक फिरू नये, म्हणून स्टार्टर असा बनवला जातो. जिथं लाईट सहसा जात नाही, तिथल्या शेतकऱ्याला या सोयीची आठवणही होत नसेल. दिवसातून तीनदा लाईट जाणाऱ्या गावात मात्र तीच सोय तीन हेलपाटे घडवते.

२. लाईट रात्रीच का?

महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज चोवीस तास मिळत नाही. बऱ्याच गावांत ती चक्राकार पद्धतीनं मिळते: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री आठ-दहा तास. म्हणजे कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. गावोगावी हे वेळापत्रक पंचांगापेक्षा जास्त पाठ असतं.

रात्र का? वीज मोठ्या प्रमाणात सहजासहजी साठवून ठेवता येत नाही, जेव्हा बनते तेव्हाच वापरावी लागते. कोळशावरचा वीजप्रकल्प संध्याकाळी पेटवला आणि मध्यरात्री विझवला असं जमत नाही, तो थंड व्हायला आणि पुन्हा तापायला फार वेळ लागतो. मध्यरात्री शहरं झोपतात, कार्यालयं बंद असतात, पण कोळशाचे संच चालूच असतात. ती वीज घेणारं कुणीतरी हवं, आणि ते काम शेतीपंपांच्या वाट्याला आलं.

इथं साताऱ्याच्या माणसाला एक गोष्ट खटकते. पाटण तालुक्यातला कोयना प्रकल्प, १,९६० मेगावॉट क्षमतेचा, आपल्याच उशाशी आहे. मग आपल्याच मोटरी रात्री का? कारण जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो आणि तसाच बंदही होतो. संध्याकाळी राज्यभर दिवे, टीव्ही, पंखे एकदम लागतात, तेव्हा ही चपळ वीज सोन्याच्या भावाची असते. तिचा उपयोग त्या घटकेसाठी राखून ठेवला जातो. वीज तारेत शिरली की ती पाटणची राहत नाही, राज्याची होते. ग्रिडच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात शिरणाऱ्याला ते पटावं, अशी अपेक्षा मी करणार नाही. कऱ्हाड, पाटण, शिराळा या पट्ट्यात उसात बिबट्याची मादी पिलं घालते. घोणस आणि मण्यार तर सगळीकडेच.

या अंधाराचा विचार एका फोनमध्येही झाला होता. २००३ साली नोकियानं ११०० हा फोन काढला. धूळ शिरणार नाही असा कीपॅड, हातातून निसटणार नाही अशी पकड आणि डोक्यावर छोटी बॅटरी. फिनलंडच्या कंपनीनं भारतासारख्या देशांतली धूळ आणि अंधार डोळ्यासमोर ठेवून बनवलेला हा फोन जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेला. त्याच काळात श्रीमंत देशांत फोनमध्ये कॅमेरा किती मोठा यावर चढाओढ लागली होती. आपल्याकडे उजेड पडतो का, हे आधी बघत.

३. तीन फेज, आणि टायमर का चालत नाही

आता टायमरचा प्रश्न. घड्याळानं रात्री दहाला मोटर चालू केली तर काय बिघडतं? बिघडतं ते असं की दहाला लाईट येईलच याची खात्री नाही, आणि आली तरी ती पुरी असेल याचीही नाही.

घरातल्या दिव्याला एक फेज पुरतो. शेतातल्या मोठ्या मोटरीला तीन लागतात. जत्रेतला गोल पाळणा आठवा. तीन पोरं ठरावीक अंतरावर उभी राहून आळीपाळीनं त्याला ढकलतायत. आपली पाळी आली की प्रत्येकजण एक धक्का देतो, आणि पाळणा सलग फिरतो. तीन फेज मोटरीच्या आतल्या भागाला असेच आळीपाळीनं ओढत फिरवतात. आता त्यातलं एक पोर पळून गेलं तर? पाळणा आधीच फिरत असेल तर उरलेले दोघं तो कसाबसा रेटत राहतात, पण दमून जातात. थांबलेला असेल तर तो हलतच नाही.

मोटरीचंही असंच होतं. एक फेज गेला आणि मोटर चालू असेल तर उरलेल्या दोन फेजांवर ताण येतो. थांबलेली मोटर अशा वेळी चालू करायला गेलं तर ती नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि थोड्याच वेळात आतली तार जळते. मग रिवाइंडिंगवाल्याकडे फेरी, आठवड्याचा खोळंबा आणि वाळणारा ऊस. म्हणून मोटर चालू करण्याआधी माणूस स्टार्टरवरचे तीन दिवे बघतो. तिन्ही पेटले असतील तरच बटण. टायमरला हे दिवे दिसत नाहीत.

याचा अर्थ, नदीवर नुसतं बोट नको होतं, डोळेही हवे होते. फोनवर चालणाऱ्या पेटीला दोन्ही कामं करावी लागणार होती.

४. फोन मोटरशी काय बोलतो

या कल्पनेवर पहिल्यापासून काम केलेल्यांत पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्याचं नाव घ्यावं लागतं. आजोबांची पंपापर्यंतची पायपीट त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्यांच्या 'नॅनो गणेश' या उपकरणाला २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. पुढं अनेक कंपन्या या धंद्यात आल्या, आणि आज सांगलीच्या बाजारात अशी पेटी मागायची तर नुसतं "मोबाईल स्टार्टर द्या" म्हटलं की पुरतं.

पेटीच्या आत एक साधा मोबाईलच असतो, पडदा आणि बटणं नसलेला. त्यात सिमकार्ड असतं, म्हणजे मोटरीला स्वतःचा फोन नंबर असतो. या मोबाईलला दोन छोटे विजेवर चालणारे स्विच जोडलेले असतात, त्यांना रिले म्हणतात. एक रिले हिरव्या बटणाच्या बरोबरीनं जोडलेला. तो क्षणभर मिटला की माणसानं हिरवं बटण दाबल्यासारखंच होतं. दुसरा लाल बटणाच्या जागी. तो क्षणभर उघडला की कॉइलची पकड सुटते. जुना स्टार्टर काढावा लागत नाही, पेटी त्याच्या शेजारी बसते.

आता हुकूम कसा पोचतो? सुरुवातीच्या पेट्या फोन उचलायच्या. मग तुम्ही समजा १ दाबलं की मोटर चालू, ३ दाबलं की बंद. फोनवर आकडा दाबल्यावर "टूं" असा जो आवाज येतो, त्यात ही करामत आहे. तो एक आवाज नसतो, दोन सूर एकत्र वाजत असतात. कीपॅडच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक खालचा सूर ठरलेला आहे आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक वरचा. पहिल्या आडव्या ओळीचा सूर सेकंदाला ६९७ कंपनांचा, दुसरीचा ७७०, तिसरीचा ८५२, चौथीचा ९४१. उभ्या ओळींचे १२०९, १३३६ आणि १४७७.

५ दाबून बघू. तो दुसऱ्या आडव्या आणि मधल्या उभ्या ओळीत आहे. म्हणून ७७० आणि १३३६ हे सूर एकदम वाजतात. १ साठी ६९७ आणि १२०९. पलीकडची पेटी हे दोन सूर ओळखते आणि ओळ व रकाना जुळवून आकडा काढते. एकच सूर का नाही? माणसाच्या बोलण्यात किंवा शिट्टीत एखादा सूर चुकून जुळू शकतो. नेमके हे दोन सूर एकाच वेळी, तेवढ्याच जोरात निघणं अवघड. ही पद्धत अमेरिकेत १९६३ साली घरगुती फोनसाठी आली, तबकडी फिरवायचा कंटाळा वाचावा म्हणून. तिच्यावर एक दिवस उसाला पाणी जाईल, हे ती बनवणाऱ्यांच्या डोक्यात असायचं काही कारणच नव्हतं.

पेटीचे डोळे म्हणजे तिन्ही फेजांचा दाब मोजणारी जोडणी. एखादा फेज नसेल तर पेटी हुकूम मानत नाही. मोटर चालू झाल्यावर ती किती वीज ओढते हेही मोजलं जातं. विहिरीतलं पाणी संपून पंप कोरडा फिरायला लागला की मोटरीवरचा भार कमी होतो आणि वीज कमी ओढली जाते. तो आकडा खाली घसरला की पेटी स्वतःच मोटर बंद करते आणि तसा मेसेज पाठवते.

५. न उचललेला फोन

आता स्टँडवरच्या त्या माणसाकडे वळू. त्यानं तर आकडाही दाबला नाही, नुसती रिंग दिली.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाईलवर फोन केला, तो भारतातला पहिला मोबाईल कॉल. त्या काळात फोन करणाराही पैसे भरायचा आणि उचलणाराही. २००३ च्या मे महिन्यापासून येणारा कॉल फुकट झाला, सगळा भार फोन करणाऱ्यावर आला. आणि फोन उचललाच नाही, तर कुणालाच काही पडत नव्हतं. गरजवंत माणसाला यातली फट दिसायला वेळ लागला नाही. एक रिंग म्हणजे "पोचलो". दोन म्हणजे "तू कर". डेअरीवाल्याला एक रिंग म्हणजे "आज दूध कमी आहे". अर्थ आधी ठरवून घेतला की निरोप फुकटात पोचतो.

आपण याला भारतीय जुगाड म्हणून मिरवतो, पण जिथं जिथं करणाऱ्यानं पैसे भरायची पद्धत होती आणि खिशात पैसे कमी होते, तिथं तिथं लोकांनी हेच शोधून काढलं. आफ्रिकेतल्या अनेक देशांत याला 'फ्लॅशिंग' किंवा 'बीपिंग' म्हणतात. इटलीतली पोरं 'स्क्विल्लो' देतात. फिलिपिन्समध्ये तर आपलाच शब्द, 'मिस्कॉल'. अमेरिकेत मात्र ही रीत रुजली नाही. तिथं मोबाईल उचलणाऱ्याचीही मिनिटं खर्च व्हायची, त्यामुळे "मी रिंग देतो, तू फोन कर" यात दोघांचाही फायदा नव्हता.

पेटी बनवणाऱ्यांनी हीच रीत उचलली. फोन वाजताना करणाऱ्याचा नंबर पेटीला कळतोच. तो तिच्या यादीत असेल तर ती फोन न उचलता कापते आणि मोटर चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू करते. यादीबाहेरच्या नंबरला ती दाद देत नाही, म्हणून चुकून आलेल्या फोनची धास्ती नको. यादीत बापाचा, दोन्ही पोरांचा आणि गड्याचा नंबर असतो. घरातल्या वाटण्या झाल्या की यादीही बदलावी लागते. ती बदलायचा पासवर्ड कुणाकडे, यावरून रुसवेफुगवे होतात ते वेगळेच.

६. सगळ्यांनी एकदम बटण दाबलं तर

मोबाईल स्टार्टर येण्याआधी एक सोपा आणि स्वस्त उपाय होता, तो आजही आहे: ऑटोस्विच. लाईट आली, तिन्ही फेज आले, की मोटर आपोआप चालू. ना फोन, ना सिम. महावितरण ही वीज कंपनी मात्र वर्षानुवर्षं सांगते आहे की ऑटोस्विच काढा. का, ते हिशेबानं बघू.

पाच हॉर्सपॉवरची मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर वीज ओढते. सुरू होतानाच्या काही क्षणांत मात्र ती सहापटीपर्यंत ओढू शकते, म्हणजे ४५ अँपिअर. आता १०० केव्हीएचा डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, घ्या. तो सुमारे १३३ अँपिअर देऊ शकतो. त्यावर अशा १५ मोटरी आहेत. सगळ्या चालू असताना १५ गुणिले साडेसात, म्हणजे ११२ च्या आसपास. डीपी आरामात आहे. पण रात्री दहाला लाईट आली आणि पंधरा ऑटोस्विचनी एकाच क्षणी मोटरी चालू केल्या, तर मागणी होते १५ गुणिले ४५, म्हणजे ६७५. क्षमतेच्या पाचपट. दाब कोसळतो, कुठलीच मोटर वेग घेत नाही, त्यामुळे सगळ्या तो जास्तीचा प्रवाह ओढतच राहतात. फ्यूज उडतात. अशा खेपा रोज झाल्या की डीपी जळतो आणि पंधराही जणांचं पाणी थांबतं.

माणसं चालत जाऊन बटण दाबायची, तेव्हा हा प्रश्न नव्हता. कुणी दहाला पोचायचा, कुणी जेवून साडेदहाला. पायांच्या चालीतच भार वाटला जायचा. मिस्ड कॉलनंही निम्मंअर्धं तेच साधतं, कारण सगळे जण एकाच क्षणी फोन लावत नाहीत. म्हणून शेजारी स्वस्त ऑटोस्विचची फुशारकी मारत असेल तर त्याला हा गुणाकार जरूर दाखवा.

७. पाय वाचले, पाणी वाचलं का?

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. मोबाईल स्टार्टर विकणारे वेळ, पेट्रोल आणि पाणी वाचतं असं सांगतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी माणसावर अवलंबून आहे. पूर्वी हेलपाट्याचा कंटाळा हाच पाण्याला लगाम होता. आता घरबसल्या मोटर चालू होते, आणि २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारनं वीजबिलातही माफी दिली आहे. सोय वाढली, किंमत गेली. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत अतिपाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाणी मुरत नाही, मीठ वर येतं, ऊस पिवळा पडतो. तिथं मोटर लवकर बंद होणं ही खरी गरज आहे. पेटी फेज सांगते, दाब सांगते, पण सरी भरली का ते सांगत नाही. पाटपाणी असेल तर दारं मोडायला कुणीतरी फावडं घेऊन रानात असावंच लागतं. ठिबक असलेल्याला या पेटीचा खरा फायदा, तिला अमुक मिनिटांनी बंद हो एवढं सांगितलं की भागतं.

८. दुकानात कुठलं सिम मागायचं

शेवटी कामाची गोष्ट. बहुतेक जुन्या पेट्या २जी वर चालतात. जपानमध्ये ही पेटी कधीच चालली नसती, कारण आपल्याकडची जीएसएम पद्धतीची २जी तिथं आलीच नाही. त्यांची स्वतःची वेगळी पद्धत होती आणि तीही २०१२ पर्यंत बंद झाली. अमेरिकेत एटी अँड टीनं २०१६ च्या अखेरीस २जी थांबवलं, त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रानं. तिथं फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतो म्हणून कंपन्यांनी ते धाडस केलं. नदीकाठच्या लोखंडी पेटीतला फोन मात्र दहा वर्षं बदलायचा नसतो.

भारतात जिओ २०१६ साली आलं ते थेट ४जी घेऊन. त्यांच्याकडे २जी नाहीच, म्हणून जुन्या पेटीत जिओचं सिम घालून "चालत नाही" म्हणणारे अजून भेटतात. दुसरं, २०१८ च्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांनी येणारे कॉल चालू ठेवायलाही दरमहा ठरावीक रिचार्ज सक्तीचा केला. मोटर कुणालाही फोन करत नाही, नुसते मिस्ड कॉल घेते आणि एखादा मेसेज पाठवते, तरी तिचा रिचार्ज भरावा लागतो. जून-जुलैत पावसाळ्यात मोटर लागत नाही म्हणून तो राहून जातो, आणि ऑक्टोबरात पहिल्या पाण्याला फोन लागत नाही. घरातल्या ज्या कुणाच्या मोबाईलवर सगळ्यांचे रिचार्ज होतात, त्याच्याकडेच मोटरीचा नंबरही देऊन ठेवा. नवी पेटी घेत असाल तर ती ४जी ची आहे का, हे खोक्यावर वाचून घ्या. आणि जॅकवेलवर उभं राहून आधी आपल्या फोनवर बघा की तिथं कुठल्या कंपनीची रेंज येते, सिम त्याच कंपनीचं घ्या.